काखेतली काळी खपली

मागच्या पावसाळ्यात एक मावशी दवाखान्यात आल्या. आठ दिवस ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलेलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. इंजेक्शनं घेऊनही ताप हटेना.

तपासताना काखेत एक काळी खपली दिसली. बिडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडा.

"हे कधी झालं?"

"दुखलंच नाही, तर कळंल कसं डॉक्टर!"

तिथेच संशय पक्का झाला: स्क्रब टायफस. पुढे रक्ताच्या तपासणीतही तेच आलं.

गवता-झुडपांत चिगर माइट नावाच्या किड्याच्या अळ्या असतात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या. त्या चावतात तिथून जंतू शरीरात शिरतात, आणि तिथली त्वचा मरून खपली धरते. डॉक्टर तिला 'एस्कार' म्हणतात.

ती लपते कुठे? काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली. म्हणून अंगभर पाहावं लागतं. पण प्रत्येक रुग्णात ती असतेच असं नाही. खपली नाही म्हणजे आजार नाही, असं समजू नका.

2018 साली नागपूर-विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती.

पेनिसिलिनसारखी औषधं यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, बहुतेकदा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला, तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत बाधा पोचते.

शेतात, रानात जाऊन आल्यावर अंघोळ करा, कपडे बदला. ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळ्या मात्र मनाने घेऊ नका.