टॅबलेटवरचा 'कागदी' स्क्रीनगार्ड : घेण्याआधी काय पाहावे?

तळेगाव दाभाडे, चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आपल्या समाजातील जे कारागीर नक्षीकामावर पोट भरतात, त्यांच्या हातात आता टॅबलेट आला आहे. लग्नपत्रिका करणारे, मेंदीचे नमुने काढणारे, मशीन भरतकामाचे डिझाईन बसवणारे, लेसर मशीनवर आयतींच्या फ्रेम कापून देणारे, लोखंडी गेट-ग्रिलचा नमुना गिऱ्हाइकाला आधी काढून दाखवणारे, असे हे लोक आहेत. यांच्यापैकी बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते, की काचेवर पेन घसरते आणि रेषा हाताच्या ताब्यात राहत नाही. या तक्रारीवर बाजारात 'पेपर फील' किंवा 'कागदी' स्क्रीनगार्ड या नावाने एक खरखरीत फिल्म विकली जाते. ती काय करते, काय करत नाही, आणि विकणाऱ्याने व घेणाऱ्याने काय पाहावे, हे येथे मांडत आहोत.

काच आणि कागद या दोन्ही वस्तूंशी आपल्या जिल्ह्याचे जुने नाते आहे. खुद्द तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून हा फंड जमवला आणि लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या मानाने जुन्नरच्या कागदाची आठवण कमी निघते. जुन्नरचा हातकागद एके काळी दौलताबादी कागदाइतकाच नावाजलेला होता आणि तो करणारे कागदी आपलेच मुस्लिम बांधव होते. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्यांच्याच धंद्यावरून पडले. हे कारागीर कागदाला खळ लावत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून काढत. न घोटलेल्या कागदावर शाई पसरते आणि बोरूचे टोक तंतूंत अडकते. म्हणजे लिहिण्याच्या पृष्ठभागाला किती खरखर हवी आणि किती नको, हा प्रश्न टॅबलेटबरोबर आलेला नाही. कागदी मंडळींनी तो आपल्या हातांनी सोडवला होता.

मग घोटलेल्या कागदावर कलम घसरत नव्हते, ते काचेवर का घसरते? बोरू मऊ असतो आणि त्याच्या टोकाला दाट शाई असते. कागद कितीही घोटला तरी त्यात थोडा तंतू उरतोच. या तिन्ही गोष्टी मिळून हाताला हलका अडसर करतात आणि त्या अडसराच्या आधारानेच हात रेषा सांभाळतो. टॅबलेटचे पेन मात्र कडक प्लॅस्टिकच्या टोकाचे असते आणि त्याच्या खाली कडक काच असते. दोन गुळगुळीत कडक वस्तू एकमेकींवर फिरल्या की अडसर जवळजवळ उरत नाही. कागदी फिल्म हा अडसर परत आणते. ती बहुधा पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. तिच्या वरच्या थरावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक उंचवटे असतात. पेनचे टोक त्यांवरून जाताना किंचित थरथरते, कागदासारखा आवाज होतो आणि हात आपोआप सावकाश चालतो.

याची किंमत मात्र डोळ्यांनी मोजावी लागते. न्हाणीघराच्या खिडकीला दुधी काच असते, तिच्यावरून हे सहज समजते. दुधी काचेला लागून हात धरला तर बोटे ओळखू येतात, वीतभर मागे नेला की नुसता डाग दिसतो. खरखरीत पृष्ठभाग उजेड विखरतो आणि वस्तू जितकी मागे असेल तितकी ती जास्त पुसट होते. ज्या टॅबलेटमध्ये काच आणि खालचा चित्राचा पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यावर ही फिल्म त्यामुळे बरी दिसते. जिथे दोन्हींच्या मध्ये हवेची फट असते, आणि स्वस्त यंत्रांत ती बहुधा असते, तिथे चित्र जास्त धूसर होते. शिवाय पांढऱ्या भागावर बारीक रंगीत कण चमकताना दिसतात. फिल्मचे उंचवटे लहान भिंगांसारखे काम करतात आणि पडद्यावरील लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे मोठे करून दाखवतात, म्हणून असे होते. पडदा जितका बारीक ठिपक्यांचा आणि फिल्म जितकी जाड खरखरीची, तितकी ही चमक अधिक.

याचा फायदाही त्याच कारणातून निघतो. उजेड विखरत असल्यामुळे खिडकीचे किंवा ट्यूबलाईटचे प्रतिबिंब पडद्यावर ठळक उमटत नाही. दुकानाच्या काउंटरवर, रस्त्याकडे तोंड करून बसणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे. घामाचा तळवाही फिल्मवर काचेइतका चिकटत नाही. पण छपाईला जाणाऱ्या कामाचा रंग फिल्ममधून पाहून कधीही पक्का करू नये. काळा रंग फिका आणि पांढरा मळका दिसतो. पत्रिकेचा मरून रंग पडद्यावर पाहून ठरवला आणि छापून भलताच आला, तर पाचशे पत्रिका कोणाच्या माथी मारायच्या? छापलेला नमुना हातात घेऊनच होकार द्यावा.

आता खर्चाचे बोलू. साधी फिल्म काहीशे रुपयांत मिळते आणि नावाजलेल्या परदेशी कंपनीची काही हजारांत जाते. फिल्म एकदाच घ्यावी लागते असे मात्र समजू नये. खरखर प्लॅस्टिकला घासते, म्हणून पेनचे टोक लवकर झिजते. फिल्मही झिजते, आणि ज्या भागात हात रोज चालतो तेवढाच भाग आधी गुळगुळीत होतो. दिवसाचे सहा-सात तास काम करणाऱ्याने जादा टोके आणि वरचेवर फिल्म बदलणे हा चालू खर्चच धरावा. टोकाला एका बाजूने सपाट कडा आली किंवा ते झिजून आतला धातू दिसू लागला, तर ते त्याच दिवशी बदलावे. धातू फिल्मलाही चिरतो आणि फिल्म नसेल तर काचेलाही.

यासाठी आमचे सांगणे असे की आधी फुकटात परीक्षा घ्यावी. ज्यांच्याकडे पडदा नसलेला पेन टॅबलेट आहे, म्हणजे ज्यावर पेन चालवायचे आणि चित्र संगणकावर पाहायचे, त्यांना फिल्मची गरजच नाही. वाकॉम आणि तशा कंपन्यांच्या या पाट्या विद्युतचुंबकीय पद्धतीने पेन ओळखतात आणि मध्ये कागद आला तरी ते ओळखणे थांबत नाही. साधा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावावा आणि झिजला की दुसरा लावावा. तिथे पडदा खाली नसल्याने धूसर होण्याचाही प्रश्न नाही. पडद्यावर थेट काढणाऱ्यांना हा उपाय कायमचा चालणार नाही, पण ट्रेसिंगचा पातळ कागद लावून एक दिवस काम करून पाहता येते. अडसर वाढल्याने आपल्या हाताला फरक पडतो की नाही, एवढे तरी त्यातून कळते. पुष्कळांचा हात महिना-दीड महिन्यात काचेला सरावतो आणि फिल्मची आठवणही राहत नाही. तेव्हा टॅबलेट घेतल्याच्या दिवशीच फिल्म चिकटवून घेण्याची घाई करू नये.

खुशनवीसी करणाऱ्यांसाठी वेगळे सांगितले पाहिजे. 1994 साली इनपेज आल्यावर उर्दू छपाईतले पुष्कळ कातिब घरी बसले, हे दुःख जुने आहे. आता भिंतीवरच्या फ्रेम, मशिदीच्या कमानी आणि पत्रिकांची सरनावे यांसाठी हाताच्या अक्षराला पुन्हा मागणी दिसते. पेन्सिलीची छटा काढणाऱ्याला जाड खरखर आवडते. नस्तालीकची लांब कशिश किंवा नूनचा दायरा एका दमात काढणाऱ्याला तीच खरखर नडते, कारण रेषेत कंप येतो. अशांनी बारीक पोताचीच फिल्म पाहावी. आणि फिल्म कलमाची कत देत नाही, हेही ध्यानात घ्यावे. कलम बोटांत फिरवल्यावर रेषा जाड-बारीक होते, तो गुण पेन आणि सॉफ्टवेअर या दोहोंत असावा लागतो. ॲपलच्या 2024 सालच्या पेन्सिल प्रोमध्ये पेन स्वतःभोवती फिरवल्याचे ओळखण्याची सोय आहे. साध्या पेनात ती नसते. पैसे थोडे असतील तर खुशनवीसाने आधी पेनचा विचार करावा, फिल्मचा नंतर.

आता दुकानदार बांधवांकडे वळू. तापकीर गल्लीतून माल आणून तळेगाव स्टेशनच्या बाजूला किंवा चाकणच्या बाजारात विकणाऱ्याकडे 'मॅट' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात. एक असते ती केवळ चकाकी मारणारी मॅट फिल्म. ती प्रतिबिंब घालवते, पण पेनला म्हणावा तसा अडसर देत नाही. दुसरी मशीनवर कापून देतात ती मऊ हायड्रोजेल मॅट. मोबाईलला ती ठीक आहे, पण पेनचे टोक तिच्यात रुतते, ओढ लागते आणि वळ उठतात. चित्र काढणाऱ्याला ती देऊच नये. तिसरी खरी कागदी पोताची, कडक थराची. तिच्यातही जाड आणि बारीक असे पोत असतात. तिन्हींचे पाकीट वरून सारखेच दिसते, आणि एकदा चिकटवलेला माल परत घेता येत नाही. अल्लाहचे रसूल (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर ठेवून का विकत नाहीस, असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पाकिटावर 'पेपर फील' छापले म्हणून आत तेच आहे, असे धरून माल विकणे याच सदरात येते. दुकानात एक जुना टॅबलेट ठेवावा, अर्ध्या पडद्यावर फिल्म लावावी, अर्धा उघडा ठेवावा आणि गिऱ्हाइकाच्या हाती पेन द्यावे. त्याला घसरण, आवाज आणि धूसरपणा दोन मिनिटांत कळतो. काही गिऱ्हाइके न घेता जातील, पण जो घेईल तो भांडायला परत येणार नाही.

गिऱ्हाइकाला आणखी एक प्रश्न विचारावा : यंत्राची काच आधीच खरखरीत आहे का? अनेक पेन डिस्प्लेंना कंपनीच घासलेली काच बसवते किंवा फिल्म लावून देते. ॲपलनेही 2024 पासून आयपॅड प्रोच्या मोठ्या साठवणुकीच्या नमुन्यांवर तशी काच देऊ केली आहे. अशा काचेवर आणखी फिल्म लावली तर धूसरपणा दुप्पट होतो आणि हाती काही लागत नाही.

फिल्म लावताना धूळ हा खरा शत्रू आहे. तळेगाव-चाकण रस्त्यालगतच्या दुकानात उन्हाळ्यात पंख्याखाली फिल्म लावली की बुडबुडा आलाच समजा. पंखा बंद करावा, दार लोटावे, पडदा किंचित ओल्या मऊ कापडाने आणि मग कोरड्याने पुसावा, आणि उरलेला कण चिकटपट्टीने उचलावा. घरी लावायची असेल तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ खाली बसल्यावर लावावी, कारण वाफेबरोबर धूळही बसते. फिल्म एका कडेपासून सावकाश टेकवत न्यावी. पुढे साफ करताना फक्त ओलसर मऊ कापड वापरावे. तेलकट हात लागला असेल तर कापडाला साबणाच्या पाण्याचा एखादा थेंब पुरे.