अभिजात ऑनलाइन खेळांचे जुने क्लायंट आणि ते मिळवण्याचे कायदेशीर मार्ग

एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन भूमिका-खेळ १६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. मात्र त्याचे १९९९ मधले रूप कंपनीच्या सर्व्हरवर जसेच्या तसे उरलेले नाही. अशा खेळाला दोन अंगे असतात. सर्व्हर हा नियम सांभाळतो: कोणता राक्षस कोठे उभा राहील, तलवारीचा घाव किती बसेल. क्लायंट ही खेळाडूच्या संगणकावरची आज्ञावली असून नकाशे, आकृत्या, ध्वनी आणि संगीत तिच्यात साठवलेले असते. प्रत्येक पॅचबरोबर, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या सुधारणेबरोबर, दोन्ही बदलतात आणि जुने पुसले जाते.

हे जुने जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न म्हणजे २००९ मध्ये खुला झालेला प्रोजेक्ट १९९९. त्याचा पाया ईक्यूएम्युलेटर या मुक्तस्रोत सर्व्हरचा आहे. मूळ सर्व्हरचे वर्तन न्याहाळून ही आज्ञावली स्वयंसेवकांनी नव्याने लिहिली आहे. क्लायंटचे मात्र तसे नाही. खेळातले जग असलेल्या नॉराथच्या नगरांची चित्रे आणि सूर ही कंपनीचीच मालमत्ता, त्यामुळे ती वाटण्याचा अधिकार प्रकल्पाला नाही. २०१५ मध्ये खेळाची मालक डेब्रेक हिने या विनानफा प्रकल्पाशी लेखी करार केला. हौशी सर्व्हरला असा मान क्वचितच मिळतो. तरी क्लायंट मिळवण्याची जबाबदारी खेळाडूवरच राहिली.

येथे लागते ती टायटेनियम आवृत्ती. जानेवारी २००६ मध्ये पेटीतून विकल्या गेलेल्या या संचात मूळ खेळ आणि त्याचे पहिले दहा विस्तार आहेत. फ्रीपोर्टसारखी नगरे पुढे नव्याने बांधली गेली. या तबकड्यांवर ती जुन्या रूपात आहेत. खेळ अद्ययावत करणारी कंपनीची आज्ञावली एकदा जरी चालवली, तरी जुना क्लायंट नवा होऊन बसतो. म्हणून खेळ ‘पॅचमी’ हा शब्द जोडून थेट सुरू करतात आणि ‘ईक्यूहोस्ट’ नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता लिहितात. पेटीतला नोंदणी-क्रमांक आधीच्या मालकाने वापरलेला असला तरी बिघडत नाही, कारण येथील खाते स्वतंत्र असते. जुन्या मालाच्या बाजारात वापरलेली पेटी घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. तबकडी-वाचक नसलेल्या संगणकाला बाहेरून जोडायचा वाचक पुरतो.

इतर खेळांच्या वाटा निराळ्या आहेत. स्टार वॉर्स गॅलेक्सीज डिसेंबर २०११ मध्ये बंद पडला. त्याचे एप्रिल २००५ पूर्वीचे रूप घडवणारा एसडब्ल्यूजीएमू प्रकल्पही मूळ तबकड्या मागतो. अल्टिमा ऑनलाइनचा क्लायंट कंपनीच मोफत देते. क्लासिकयूओ हा मुक्तस्रोत पर्याय वापरला, तरी चित्रांच्या फाइल त्या मूळ क्लायंटमधूनच घ्याव्या लागतात. सिटी ऑफ हिरोज २०१२ मध्ये बंद झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची मालक कंपनी एनसीसॉफ्टने होमकमिंग या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. माझ्या मते हाच सर्वांत स्वच्छ मार्ग. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टबाबत उलटे घडले: त्याची मालक कंपनी ब्लिझार्डच्या कायदेशीर दबावापुढे नॉस्टॅलरियस हा खासगी सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच क्लासिक आवृत्ती आणली.

भारतातील वाचकासाठी १९५७ चा प्रताधिकार कायदा महत्त्वाचा आहे. त्याच्या कलम ५२ नुसार संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, राखीव प्रत करता येते. विकत घेतलेल्या टायटेनियमच्या तबकड्यांची प्रत डिस्कवर जपून ठेवणे या सवलतीत बसते. ती प्रत इतरांना वाटणे बसत नाही.