लंडनचं वार्तापत्र : टिपू पडला, मग पाळी कुणाची?



इंग्लंडमध्ये युद्ध म्हटलं की आधी आठवतं ते दुसरं महायुद्ध. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन याल्टात शेजारी शेजारी बसले तो फेब्रुवारी 1945. जून 1948 मध्ये स्टॅलिननं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली आणि ब्रिटिश-अमेरिकी विमानं त्या शहराला पीठ-कोळसा पोचवू लागली. सामायिक शत्रू संपला, दोस्ती चार वर्षंही टिकली नाही.

हे ब्रिटनला नवं नव्हतं. दीडशे वर्षं आधी त्याच्याच ईस्ट इंडिया कंपनीनं हा खेळ आपल्या दख्खनमध्ये खेळला होता. 1790 मध्ये पेशवे, निजाम आणि कंपनी म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध एक झाले. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचं निम्मं राज्य तिघांनी वाटून घेतलं. हरिपंत फडके तिथे मराठी फौज घेऊन हजर होते. तीनच वर्षांनी, मार्च 1795 मध्ये, खर्ड्याला मराठे आणि निजाम एकमेकांवर तुटून पडले. कंपनी बाजूला उभी राहिली. मराठे जिंकले, पण माझ्या मते खरा लाभ कंपनीचा झाला: खचलेल्या निजामानं 1798 मध्ये तैनाती फौज पत्करली. 1799 मध्ये टिपू पडला. आता कंपनीसमोर मोठी सत्ता उरली ती मराठ्यांचीच.

मराठ्यांची पाळी आली, त्याची एक खूण लंडनमध्ये आहे. हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ॲप्सली हाऊस आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर. आता तिथं संग्रहालय आहे. सगळीकडे वॉटर्लूचा थाट. पण त्यातच जेवणाच्या भांड्यांचा एक संच आहे, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला. नाव ‘डेक्कन सर्व्हिस’. दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला दिलेली ही भेट. तो सेनापती म्हणजे 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला 34 वर्षांचा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या दिवशी त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि त्याच्या सोबतीला पेशव्यांचे आणि म्हैसूरचे घोडेस्वार होते! मराठ्यांविरुद्ध मराठे, टिपूच्या मुलखातले स्वार इंग्रजांकडे. ते वाचलं की अजूनही जीव तुटतो.

आपला परभणीचा भाग तिसऱ्या दोस्ताच्या, निजामाच्या राज्यात राहिला. त्याची गादी टिकली, पण हिंगोलीच्या छावणीतल्या इंग्रजी हुकमतीच्या कंटिंजंट फौजेचा खर्च त्याच्याच माथी आला आणि थकलेल्या देण्यापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे इंग्रजांनी त्याच्या वंशजाला ‘विश्वासू दोस्त’ असा किताबही दिला. परभणी त्या राज्यातून सुटली ती 17 सप्टेंबर 1948 ला. तेव्हा बर्लिनवर विमानांच्या फेऱ्या चालूच होत्या.

लंडनला येणाऱ्या प्रत्येक परभणीकरानं ॲप्सली हाऊस जरूर पाहावं. पण त्याआधी खर्डा आणि जालना जिल्ह्यातलं असई पाहून यावं, मुलांनाही दाखवावं.