बाप शेतकरी, पोरगा धर्मगुरू : हायब्रिड बियाण्याचं कोडं सोडवणाऱ्या मेंडेल घराण्याची गोष्ट

खरीप तोंडावर आला की पारावर एक वाद ठरलेला असतो. घरचं बी पेरावं की दुकानातून नवीन पिशवी आणावी? सोयाबीनचं घरचं बी चालतं, मग हायब्रिड मक्याचं का चालत नाही? या प्रश्नाच्या मुळाशी असलेला नियम पहिल्यांदा शोधला तो एका शेतकऱ्याच्या एकुलत्या एक पोरानं. तो पोरगा मात्र शेतीवर राहिला नाही, ख्रिस्ती धर्मगुरू झाला. त्याचं नाव ग्रेगोर मेंडेल.

घराणं आणि शेत

आजच्या चेक प्रजासत्ताकात हिन्चित्से नावाचं खेडं आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथलं एक शेत किमान १३० वर्षं मेंडेल घराण्याकडे होतं. शेत कसणारा अंतोन मेंडेल आणि त्याची बायको रोझिना यांना तीन लेकरं होती. थोरली वेरोनिका, मधला जोहान आणि धाकटी तेरेसिया. हाच जोहान पुढे ग्रेगोर झाला.

शेत घरचं असलं तरी अंतोनला आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जावं लागायचं. उरलेल्या दिवसांत स्वतःचं रान. त्यातही त्याला फळझाडांची आवड होती. त्या भागातल्या चर्चचे धर्मगुरू लोकांना फळझाडांची कलमं करायला शिकवत. जोहान लहानपणापासून हे बघत वाढला.

त्याच्या जन्मतारखेचाही घोळ आहे. चर्चच्या नोंदवहीत २० जुलै १८२२ लिहिलंय, घरचे मात्र २२ जुलै धरायचे. आपल्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावलेली असते, त्यामुळे हे कुणाला नवल वाटू नये.

बहिणीच्या हुंड्यावर शिक्षण

१८३८ साली झाडाचा ओंडका अंगावर पडून अंतोन जायबंदी झाला. शेतीची कामं त्याच्यानं होईनात. एकुलता एक पोरगा बाहेरगावी शिकत होता. त्यानं पुस्तकं ठेवून नांगर धरावा, अशी वेळ आली होती.

अखेर १८४१ साली शेत थोरल्या मुलीच्या नवऱ्याच्या नावे करून दिलं. तरीही जोहानच्या शिक्षणाला पैसा पुरेना. तेव्हा धाकट्या तेरेसियानं आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. १८४३ साली जोहान ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाला. तिथं त्याला ग्रेगोर हे नाव मिळालं आणि पोटापाण्याची काळजी मिटली. १८४७ साली तो धर्मगुरू झाला.

बहिणीचे उपकार मेंडेल विसरले नाहीत. तेरेसियाच्या तीन मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. त्यातली दोघं डॉक्टर झाली.

वाटाण्याची वंशावळ

मठाच्या बागेत मेंडेल यांना ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद एवढीच जागा मिळाली होती. म्हणजे अडीच गुंठेही नाही. तिथं १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यांनी वाटाणा लावला. सुमारे २८ हजार झाडं तपासली. प्रत्येक झाडाचे आईबाप कोण, नातवंडं कशी निघाली, याची मोजून नोंद ठेवली.

पिवळ्या दाण्याच्या वाणाचा हिरव्या दाण्याच्या वाणाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे निघाले. हिरवा रंग गेला असं वाटलं. पण तेच दाणे पेरले तर पुढच्या पिढीत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे निघाले. म्हणजे तिनास एक. हिरवेपणा मेला नव्हता, पिवळ्याच्या आड दडून बसला होता. पोरात न दिसलेलं नाक नातवात दिसावं, तसंच हे.

हायब्रिडचं गणितही इथंच आहे. सीड प्लॉट घेणाऱ्यांना नर आणि मादी वाणाच्या वेगळ्या ओळी माहीत असतात. या दोन वाणांच्या संकरातून पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार निघते. तीच पिशवीतून विकली जाते. तिचं बी राखून पेरलं की दडलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर येतात. एक झाड उंच, दुसरं बुटकं, आणि उताराही घटतो. म्हणून हायब्रिडचं बी दरवर्षी नवं लागतं.

सोयाबीनचं तसं नाही. त्याच्या फुलात आपल्याच परागानं दाणा धरतो आणि वाण सरळ असतो. त्यामुळे लेकरू बापासारखंच निघतं. घरचं बी चालतं ते यामुळे. फक्त पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघावी. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरणीला योग्य समजावं.

मेल्यावर मान

१८६५ साली मेंडेल यांनी ब्रनोतल्या अभ्यासकांसमोर दोन व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. कुणी फारशी दखल घेतली नाही. १८६८ साली ते मठाचे प्रमुख झाले आणि कारभारात अडकले. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर १६ वर्षांनी, १९०० साली, युरोपातल्या तीन शास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगांत तेच गणित सापडलं आणि मेंडेल यांचं नाव जगभर झालं.

जन्माला २०० वर्षं होण्याच्या सुमारास, २०२१ साली, त्यांची कबर उघडून अवशेषांचा डीएनए तपासला गेला. आनुवंशिकतेचे नियम सांगणाऱ्याचीच आनुवंशिकता अशी तपासली गेली.

धर्मगुरू असल्यानं मेंडेल यांना मूलबाळ नव्हतं. अंतोनच्या पोराचा वंश तिथंच थांबला. शेत जावयाकडे गेलं आणि धाकटीनं आपला वाटा सोडला, त्यातून पोरगा शिकला. यंदा पिशवी फोडताना हायब्रिड आहे की सरळ वाण, हे लेबलवर वाचून घ्या. पुढच्या वर्षी बी राखायचं की नाही, ते त्यावरच ठरणार आहे.