सैतानाच्या गल्लीतलं यान

लंडनमधल्या एका गल्लीत दोन पाट्या आहेत. 'हॉब्ज लेन' या नावात नव्या पाटीवर 'बी' हे अक्षर दोनदा येतं, जुन्या पाटीवर एकदाच. बार्बरा जड ही संशोधक हा फरक टिपते आणि सांगते, की 'हॉब' हे सैतानाचं जुनं नाव. १९६७च्या 'क्वाटरमास अँड द पिट' या हॅमर कंपनीच्या चित्रपटातलं हे दृश्य जेमतेम काही क्षणांचं. पण जमिनीच्या पोटात काहीतरी दडलंय, याची कुणकुण इथेच लागते.

परग्रहवासी म्हटलं की आपल्याला आभाळातून उतरणाऱ्या तबकड्या आठवतात. पन्नास-साठच्या दशकांतल्या चांगल्या ब्रिटिश विज्ञानपटांत मात्र संकट आधीच येऊन, माणसांत मिसळून बसलेलं असतं.

या परंपरेचा पाया घातला नायजेल नील या लेखकाने. १९५३ साली बीबीसीवर त्याची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित झाली. तिचे आता पहिले दोनच भाग शिल्लक आहेत. शास्त्रज्ञ नायक क्वाटरमासचं आडनाव नीलने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं होतं. अंतराळातून परतलेला माणूस हळूहळू माणूस उरत नाही, ही ती गोष्ट. १९५५ साली हॅमरने तिच्यावर चित्रपट काढला आणि कंपनीचं नशीब पालटलं.

१९५७चा 'क्वाटरमास २' त्याहून धारदार आहे. सरकारी कुंपणाआड 'कृत्रिम अन्ना'चा कारखाना चालतो. आत माणसाचं अन्न नसतंच, परक्या जीवांना जगवणारं विष असतं. वरचे अधिकारी त्या जीवांच्या ताब्यात गेलेले असतात, म्हणून तक्रार करायची सोय नाही. दिग्दर्शक व्हाल गेस्टने चित्रीकरण थेम्सच्या मुखाजवळच्या शेल हेवन तेलशुद्धीकरण कारखान्यात केलं. प्रचंड टाकीच्या जिन्यावरून एक खासदार काळ्या, जाळणाऱ्या चिकट द्रवाने माखून धडपडत खाली येतो. तो कारखाना खरा आहे म्हणूनच ते दृश्य अंगावर येतं.

१९६०च्या 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड'मध्ये संकट पाळण्यात येतं. जॉन विंडमच्या कादंबरीवरून वुल्फ रिलाने काढलेल्या या चित्रपटात अख्खं गाव काही तास बेशुद्ध पडतं आणि पुढे गावातल्या बायकांना एकाच वेळी दिवस गेल्याचं कळतं. १९६१च्या 'ए फॉर अँड्रोमेडा' या बीबीसी मालिकेत ते येतं दूरच्या रेडिओसंदेशातून. तिचे एक लेखक फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

तरीही या सगळ्यांत शिखर 'क्वाटरमास अँड द पिट'चंच. भुयारी रेल्वेच्या खोदकामात आदिमानवाच्या कवट्या सापडतात, मग एक गुळगुळीत कवच. लष्कराला वाटतं, महायुद्धातला जर्मन बॉम्ब असेल. पण कवट्या पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या आहेत आणि कवचाला ड्रिल लागत नाही. अखेर आत सापडतात टोळासारखे, शिंगं असलेले मृत मंगळवासी. सैतानाची शिंगं कुठून आली, याचं उत्तर तिथे मिळतं.

भीती कशी उभी करावी, हे शिकायचं तर गल्लीतल्या ओसाड घराचा प्रसंग पाहावा. सोबतचा पोलीस त्याच भागात वाढलेला. घराच्या भुताटकीच्या गोष्टी तो सहज सांगत असतो. मग भिंतीवरचे ओरखडे दिसतात. पोरांचा उद्योग असेल, असं तो म्हणतो खरा, पण त्याला दरदरून घाम फुटतो आणि तो बाहेर पडतो. पडद्यावर राक्षस नाही की रक्त नाही. एका धडधाकट माणसाचा चेहरा तेवढा बदलतो.

कथेचा गाभा त्याहून भयंकर आहे. मंगळवासीयांनी आपल्या पूर्वजांवर प्रयोग केले आणि 'वेगळा असेल त्याला मारा' ही स्वतःची वृत्ती त्यांच्यात पेरली. ते कवच म्हणजे मंगळवासीयांचं यान. ते जागं होताच लंडनचे रहिवासी आपल्यासारखे नसलेल्यांना वेचून मारू लागतात. खुद्द क्वाटरमासही त्या झपाट्यात सापडतो. ही कथा मुळात मालिका म्हणून डिसेंबर १९५८मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या जमावांनी कॅरिबियनमधून आलेल्या लोकांवर हल्ले केले होते. प्रेक्षकांना मंगळ ग्रह शोधत दूर जावं लागलं नसणार.

शेवटी त्या कवट्या अभ्यासणारा डॉ. रोनी क्रेनच्या लोखंडी टोकावर चढून लंडनवर उभं ठाकलेलं सैतानी रूप विझवतो आणि जीव गमावतो. पण दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर विजयाचा जल्लोष करत नाही. ढिगाऱ्यात क्वाटरमास आणि बार्बरा एकमेकांशी न बोलता, थकून गेलेले असतात. यान संपलंय, पण पन्नास लाख वर्षांपूर्वी पेरलेलं त्यांच्यात आहेच, हे दोघांनाही कळून चुकलंय. त्या स्तब्ध चित्रावरून श्रेयनामावली सरकत जाते.

आजच्या झगमगाटापुढे यातली यंत्रं आणि टोळ लुटुपुटूचे वाटतील. तेवढं सोसा. दिवे मालवून सलग पाहा आणि शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत जागचे उठू नका.