वांकेल इंजिन आणि टोकावरची पट्टी

पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं फेलिक्स वांकेल यांचं इंजिन १९५७ साली जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत पहिल्यांदा चाललं. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो आणि भिंतीलगत तीन कप्पे तयार होतात. भाग थोडे, थरथर कमी. खरी अडचण हे कप्पे एकमेकांपासून हवाबंद ठेवण्याची.

पिस्टनची रिंग सिलिंडरला सगळीकडून सारखी टेकते. रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या पट्ट्यांना, म्हणजे एपेक्स सीलना, ती सोय नाही. स्प्रिंग आणि मागून येणारा वायूचा दाब त्यांना भिंतीवर दाबतो, पण स्पर्श एका बारीक रेषेपुरताच, आणि त्याचा कोन सतत बदलता. शिवाय बाजूंची आणि कोपऱ्यांची सील वेगळीच. त्यांचे सांधे जुळले नाहीत तर दाब तिथूनही निसटतो.

माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरत आणि भिंतीवर आडवे ओरखडे उठत. केनिची यामामोतो यांच्या चमूने ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी वापरली आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या आरओ ८० ला मात्र झिजलेल्या सीलनी बदनाम केलं. माझ्या मते वांकेल इंजिनाचं भवितव्य रोटरपेक्षा या पट्टीनेच जास्त ठरवलं. १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्ये ही पट्टी सिरॅमिकची होती.