एका पाकिटात संशोधन किती?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या बाजारात माझं कृषी केंद्र आहे. मे संपत आला की कापसाच्या बियाण्याची पाकिटं मांडणीवर चढतात. कंपन्या अनेक, नावं त्याहून अनेक, प्रत्येकावर मुठीएवढी फुटलेली बोंडं. किंमत मात्र सगळ्यांची एकच. 2025च्या हंगामात ती 901 रुपये होती. झरी, मारेगाव, घाटंजीकडचा माणूस पाकीट उलटसुलट पाहतो आणि विचारतो, "भाऊ, यंदा नवीन काय आलं?" खरं उत्तर द्यायचं तर नावं नवीन आली. बोंडअळीसाठी आत जी जनुकांची जोडी आहे, ती 2006 साली मंजूर झालेली आहे.

उद्योगांनी संशोधनावर खर्च करावा, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या खर्चाचं काय होतं, हे आमच्याकडे पाकिटावर दिसतं.

2002च्या मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचं. ते इथल्या संकरित वाणांत आणण्याचं काम जालन्याच्या महिकोनं केलं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली उभी केलेली ही कंपनी, म्हणजे आपल्याच मातीतली. दोघींच्या भागीदारीतून निघालेल्या कंपनीनं मग हे तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांनाही परवान्यावर दिलं. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर जायचं. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम 'ट्रेट व्हॅल्यू', म्हणजे तंत्रज्ञानाचं शुल्क. लोक शिव्या देत घ्यायचे, पण घ्यायचे. हिरव्या बोंडअळीवर फवारे मारून मारून आमचा भाग तेव्हा थकला होता. फवारणीचा खर्च आणि पाकिटाची किंमत यांची वजाबाकी शेतकऱ्यानं कुणी शिकवल्याशिवाय केली.

2006 मध्ये आंध्र सरकार या किमतीविरुद्ध उभं राहिलं आणि पाकीट साडेसातशेवर आलं. त्याच वर्षी दोन जनुकांचं बोलगार्ड-2 मंजूर झालं. 2009 साली महाराष्ट्रानं कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि 2015च्या डिसेंबरात केंद्रानं देशभराची किंमत आपल्या हातात घेतली. ट्रेट व्हॅल्यू दीडशे रुपयांच्या वर होती, ती 2016 मध्ये 49 झाली. मग 39, मग 20. 2020 साली शून्य. या शून्याला एक कारण असंही आहे, की बोलगार्ड-2च्या पेटंटची वीस वर्षं 2019 मध्ये संपली होती. पण शुल्काची कापणी त्याआधीच सुरू झाली होती.

शेतकऱ्याच्या खिशात पैसे राहिले, हे मी गल्ल्यावर बसून पाहिलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी बाजूही इथूनच दिसते. मोन्सँटोच्या भागीदार महिकोनं तणनाशकाला दाद न देणाऱ्या पुढच्या बियाण्याचा अर्ज केला होता. तो तिनं 2016 मध्ये मागे घेतला. पुढे काय झालं ते यवतमाळात कुणालाही विचारा. तेच तंत्र 'चोर बीटी' म्हणून रात्रीच्या गाड्यांतून गावोगावी पोचलं. पाकिटावर लॉट नंबर नाही, हातात बिल नाही, उगवलं नाही तर भांडायला कुणी नाही. 2019च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे लावून सत्याग्रह केला. निंदणाला मजूर मिळत नाही, ही गरज खरी आहे. संशोधन कायद्याच्या दारानं आलं नाही, म्हणून चोरवाटेनं आलं.

आता इथं कंपन्यांची बाजू घेऊन थांबलो, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

जगात बहुतेक ठिकाणी कापूस म्हणजे सरळ वाण. झाड बुटकं, दाट लावलेलं, लवकर निघणारं. आपल्याकडे जवळपास सगळी पऱ्हाटी संकरित. झाड पसरतं, उंच जातं, जानेवारी ओलांडून शेतात राहतं, वर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर दुसरा बहार, घ्यायचा मोह. संकरित बियाण्याची सरकी पुढच्या वर्षी पेरून तेच पीक येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक दरवर्षी दुकानात येणारच. कुलूप झाडाच्या आतच बसवलेलं असलं, की कंपनीला पेटंटच्या कोर्टकचेरीची फारशी गरज उरत नाही. बीटी जनुक फक्त संकरित वाणांतून विकण्याची ही रीत भारताचीच, आणि ती शेतकऱ्यापेक्षा कंपनीच्या सोयीची आहे, असं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती सांगत आले आहेत. माझ्या गल्ल्यावरून मलाही तेच दिसतं.

यवतमाळात चार लाख हेक्टरांहून जास्त कापूस, आणि त्यातला बहुतेक कोरडवाहू. हलक्या जमिनीत ऑक्टोबरनंतर ओल टिकत नाही. इथं दीडशे दिवसांच्या आत निघणारी पऱ्हाटी हवी. गुलाबी बोंडअळीलाही लांबलेला हंगामच मानवतो. 2017 साली ती बोलगार्ड-2 पचवून बसली. फुलांच्या न उमलणाऱ्या डोमकळ्या झाल्या, बोंडं आतून किडकी निघाली. यात आमचाही वाटा आहे. अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून तेव्हा पाकिटासोबत मिळणारं 120 ग्रॅमचं बिगरबीटी 'रेफ्युजी' बियाणं बहुतेकांनी लावलंच नाही. त्याच हंगामात माणसाच्या डोक्याला लागलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारणी करताना जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. जहाल औषधांची मिश्रणं होती, अंगावर साधा मास्क नव्हता. पण झाड कमरेएवढं असतं, तर तोच फवारा तोंडावर आला असता का, हा प्रश्न चौकशीच्या गदारोळात मागे पडला.

बुटक्या सरळ वाणांवर काम झालंच नाही, असंही नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं आणि नागपूरच्या संस्थेनं 'रजत बीटी'सारखे बीटीचे काही सरळ वाण दिले. बोलगार्ड-1चं, म्हणजे 2002च्या पहिल्या बीटीचं, पेटंट भारतात कधी नव्हतंच, त्यामुळे तो अडसर नव्हता. तरी माझ्या मांडणीवर ते दिसत नाहीत. हिशेब सोपा आहे. सरळ वाणाचं बियाणं एकदा नेलं, की शेतकरी दोन-तीन वर्षं घरची सरकी लावील. कंपनी ते वाढवून का विकेल? आणि खरं बोलायचं तर मी तरी मांडणीवरची जागा त्याला का देईन?

मग कंपन्यांचा पैसा जातो कुठे? किमतीला कुलूप नसलेल्या मालाकडे. किडीचे नर-मादी एकमेकांना सापडू नयेत म्हणून गंध सोडणाऱ्या दोऱ्या आणि लेप गेल्या काही वर्षांत आले. चांगलं संशोधन आहे. नवनवी कीटकनाशकं तर येतातच. बियाण्यात उरतो तो मुख्यतः प्रचार: भिंती रंगवणं, पीक पाहणीचे जेवणासहित मेळावे, विक्रेत्यांच्या सहली. कंपन्यांची नावं सांगत नाही, मलाही धंदा करायचा आहे.

देशाचं चित्र याहून फार वेगळं नाही. 2020-21 मध्ये भारतानं संशोधन आणि विकासावर सव्वा लाख कोटींहून थोडे जास्त रुपये खर्चले. जीडीपीच्या मानानं 0.64 टक्के. चीन अडीच टक्क्यांच्या जवळपास, दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. आपल्या खर्चात खाजगी उद्योगांचा वाटा 36.4 टक्के. अमेरिका, चीन, जपान, कोरिया इथं तो सत्तरच्या वर जातो. आपल्याकडे बाकीचा भार मुख्यतः सरकार उचलतं, आणि खाजगीत औषध कंपन्या पुढे आहेत. सरकारनं लालूच दाखवली नाही असंही नाही. 2010 पासून शंभर रुपये संशोधनावर घातले की आयकरात दोनशेची वजावट मिळे. 2017 मध्ये ती दीडशे झाली, 2020 मध्ये शंभर. सवलत दुप्पट होती त्या काळातही जीडीपीतलं प्रमाण घसरतच होतं. माल विकून खर्च भरून निघण्याची खात्री नसेल, तर नुसत्या करसवलतीनं कुणी प्रयोगशाळा बांधत नाही. मोन्सँटोला विकत घेणारी बायर कंपनी एकट्या पीकसंशोधनावर वर्षाला अडीच अब्ज युरोंच्या आसपास खर्च करते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं सगळ्या पिकांचं, सगळ्या जनावरांचं मिळून वर्षाचं अंदाजपत्रक दहा हजार कोटींच्या जवळपास, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी.

2025च्या जुलैत केंद्रानं खाजगी संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज. त्याआधी अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांची मोहीमही जाहीर झाली होती. पण कर्ज फेडायचं असतं. ज्या पाकिटाची किंमत दिल्लीत ठरते आणि ज्यात तंत्रज्ञानाचं शुल्क शून्य लिहिलेलं असतं, त्याच्या भरवशावर कुणी कर्ज काढील असं मला वाटत नाही. आणि पुन्हा न विकता येणाऱ्या सरळ वाणासाठी तर कर्जाचा विषयच निघत नाही. तो खर्च सगळ्यांनी मिळूनच उचलावा लागेल.

माझा एक हिशेब आहे. एकराला दोन पाकिटं लागतात. जिल्ह्यातला कापूस दहा लाख एकर धरला, तर वीस लाख पाकिटं. प्रत्येकावर दहा रुपये बाजूला काढले, तर एकट्या यवतमाळातून दरसाल दोन कोटी. ते मुंबई-दिल्लीला न पाठवता अकोल्याच्या विद्यापीठाला आणि राज्याच्या बियाणे महामंडळाला, महाबीजला, द्यावेत, अट एकच: कमी दिवसांच्या सरळ वाणांचं बियाणं वाढवून तालुक्यात आणायचं. कंपनीच्या एका प्रतिनिधीला हे सांगितलं तर तो हसला. घाटंजीकडचा एक जुना गिऱ्हाईक मात्र हसला नाही. म्हणाला, "दहा काय, वीस घे. पण सरकी मले घरी ठेवता आली पाह्यजे. अन् तुह्या दुकानाचं काय ते तू पाह्य."